जीटीएक्स १०६० ची सात वर्षे आणि कार्ड बदलण्याची वेळ

२०१८ च्या दिवाळीत मी पुण्यात माझा गेमिंगचा संगणक जुळवला, तेव्हा त्यात बसवलेले ग्राफिक्स कार्ड कोरे असले तरी त्याचे मॉडेल दोन वर्षांचे झाले होते. एनव्हिडियाने जीटीएक्स १०६० बाजारात आणले ते जुलै २०१६ मध्ये, आणि मी ते विकत घेण्याच्या जेमतेम दोन महिने आधी, सप्टेंबर २०१८ मध्ये, रे ट्रेसिंगची, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र काढण्याची, सोय असलेली आरटीएक्स २० ही पुढची मालिकाही आली होती. दुकानदाराने आणखी थोडे थांबण्याचा सल्ला दिला होता. मी थांबलो नाही, कारण माझ्याकडे तेव्हा कोणतेच कार्ड नव्हते, आणि १९२०×१०८० च्या मॉनिटरवर त्या काळचे गेम सेकंदाला ६० फ्रेम्सनी, म्हणजे ६० चित्रांनी, खेळायला ६ जीबी मेमरीचे हे कार्ड पुरेसे होते. ते मी २०२५ च्या दिवाळीपर्यंत वापरले. मधल्या सात वर्षांत कार्ड बदलण्याचा गंभीर विचार मी चार वेळा केला. चौथ्या वेळी ते बदलले. आधीच्या तीनपैकी दोन वेळा न बदलणे बरोबर होते याची आज मला खात्री आहे, आणि एका वेळेविषयी अजूनही शंका आहे.

नव्या कार्डाची घोषणा होते, परीक्षणे येतात, त्यांतले उंच-ठेंगणे आलेख आपण पाहतो आणि घरातले कार्ड एकाएकी जुने वाटू लागते, जरी ते आदल्या दिवशी जेवढे काम करत होते तेवढेच त्या दिवशीही करत असते. हा अनुभव दोन-तीनदा आल्यावर मी एक वही ठेवायला सुरुवात केली. गेम खेळताना काही खटकले की त्या गेमचे नाव, नेमकी जागा, त्या वेळची सेटिंग्ज आणि मोजलेले आकडे तिच्यात लिहायचे, एवढाच नियम होता. ‘कार्ड जुने झाले’ असे वाक्य त्या वहीत बसत नाही. ‘अमुक गेममध्ये बाजारपेठेत शिरताना, सावल्या मध्यम ठेवूनही, दर काही पावलांनी चित्र अडखळते’ असे वाक्य बसते. कार्ड बदलण्याचा निर्णय अशा वाक्यांवरून घ्यावा, हे माझे मत सात वर्षांत अधिकाधिक पक्के होत गेले आहे.

मोजण्यासाठी मी एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारे रिवाट्यूनर वापरतो. दोन्ही मोफत आहेत, आणि गेम चालू असतानाच पडद्याच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर, तापमान, भरलेली मेमरी आणि फ्रेम्सचा वेग दाखवतात. यात सरासरी फ्रेम रेटकडे सर्वांचे लक्ष जाते, पण डोळ्यांना जाणवते ती गोष्ट वेगळी असते. सेकंदाला ६० फ्रेम्स म्हणजे प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. एखाद्या सेकंदात बहुतेक फ्रेम्स १५ मिलिसेकंदांत तयार झाल्या आणि मधलीच एक ७० मिलिसेकंदांची निघाली, तर सरासरी आकडा फारसा हलत नाही, पण ती एक फ्रेम हाताला आणि डोळ्याला धक्का देऊन जाते. म्हणून मी सरासरीच्या शेजारी ‘एक टक्का लो’, म्हणजे सर्वांत मंद एक टक्का फ्रेम्सचा वेग, आवर्जून लिहितो. सरासरी ५५ आणि एक टक्का लो ४५ असलेला गेम मी आनंदाने खेळतो. सरासरी ७५ आणि लो २५ असेल तर तो माझ्याच्याने खेळवत नाही.

पहिला विचार २०२१ मधला. आरटीएक्स ३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये आले, १२ जीबी मेमरीसह, आणि त्याची अमेरिकेतली जाहीर किंमत ३२९ डॉलर होती. ती किंमत तेव्हा कागदावरच राहिली. इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर हिशेब करून ते कमावणे, जोरात होते, चिप्सचा तुटवडा होता, आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर चौकशी केल्यावर मला जे दर ऐकायला मिळाले ते जाहीर किमतीच्या जवळपास दुप्पट होते. तेव्हाची माझी वही पाहिली तर तक्रारी मोजून दोन होत्या, आणि दोन्ही सायबरपंक २०७७ च्या. एका गेमसाठी दुप्पट दराने कार्ड घेणे मला पटले नाही. त्याऐवजी मी १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रे दाखवणारा, तेवढ्याच रिझोल्यूशनचा मॉनिटर घेतला. जुन्या आणि हलक्या गेममध्ये माझे कार्ड सेकंदाला शंभरच्या वर फ्रेम्स तयार करतच होते. त्या दाखवण्याची ऐपत मात्र ६० हर्ट्झच्या मॉनिटरमध्ये नव्हती. ज्यांच्याकडे मध्यम दर्जाचे कार्ड आणि साधा ६० हर्ट्झचा मॉनिटर आहे, त्यांनी कार्डाआधी मॉनिटरकडे पाहावे, असे मी आजही सांगतो.

दुसरा विचार २०२२ च्या शेवटी आला, आणि शंका आहे ती याच वेळेविषयी. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर त्याचे मायनिंग करणे एका दिवसात निरर्थक झाले. त्यानंतर मायनिंगमध्ये वापरलेली कार्डे जुन्या बाजारात मोठ्या संख्येने आली. मी एक आरटीएक्स ३०६० टीआय पाहून आलो. किंमत रास्त होती, पण विक्रेता ते संगणकात बसवून अर्धा तास भार देऊन दाखवायला तयार नव्हता आणि बिलही नव्हते, म्हणून मी परतलो. मायनिंगचे कार्ड म्हणजे वाईटच असे मी मानत नाही; स्थिर तापमानाला, कमी व्होल्टेजवर चालवलेले कार्ड वर्षानुवर्षे टिकू शकते. मात्र त्याचे पंखे झिजलेले असू शकतात, मेमरीवरचे थर्मल पॅड सुकलेले असू शकतात, आणि काही भामटे तर जुन्या कार्डाचे बायोस, म्हणजे त्यातच साठवलेला मूळ प्रोग्रॅम, बदलून त्याला वरच्या मॉडेलचे नाव देतात, जे जीपीयू-झेडसारख्या प्रोग्रॅमने तपासल्यावर बहुधा उघड होते. चांगले कार्ड मिळेपर्यंत मी आणखी चार ठिकाणी फिरलो असतो तर पुढची तीन वर्षे अधिक सुखात गेली असती, असे कधी कधी वाटते.

त्या वर्षी मला थांबणे सोपे गेले याला कारण एफएसआर हे एएमडीचे तंत्र होते. गेम कमी रिझोल्यूशनवर काढून तो मोठा करून दाखवणे, हे एनव्हिडियाचे डीएलएसएसही करते, पण त्याला आरटीएक्स कार्ड लागते. एफएसआर २ मात्र माझ्या जुन्या एनव्हिडिया कार्डावरही चालत होते. २०२२ मध्ये ते सायबरपंकमध्ये आले आणि मी सोडून दिलेला तो गेम पुन्हा सुरू केला. याची मर्यादाही सांगायला हवी. १०८० पी, म्हणजे १९२०×१०८० च्या, मॉनिटरवर ‘क्वालिटी’ पर्याय निवडला तरी गेम आतून १२८०×७२० वर चालतो, म्हणजे मूळच्या ४५ टक्क्यांहूनही कमी पिक्सेल काढले जातात. चालत्या माणसांच्या कडा, तारांचे कुंपण आणि पाऊस यांत ते दिसते. मोठ्या रिझोल्यूशनवर हे तंत्र जितके शोभते तितके इथे शोभत नाही.

तिसऱ्या वेळी मी जवळजवळ चूक करणार होतो, आणि म्हणून ती हकिगत सविस्तर सांगतो. सप्टेंबर २०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ ने आपल्या आधीच्या आवृत्तीची जागा घेतली. मी आणि माझा भाचा रात्री तो खेळत असू. पाच-सहा खेळाडू एका जागी आले की माझ्याकडे चित्र ठेचकाळायचे, आणि नेमक्या त्या क्षणी नेम चुकायचा. “मामा, आता कार्डच बदल,” असे भाच्याने दोन-तीनदा सांगितले आणि मलाही ते खरे वाटू लागले, कारण कार्ड सात वर्षांपूर्वीच्या पिढीतले होते. पैसे बाजूला काढले होते. फक्त वहीत आकडे लिहायचे राहिले होते, म्हणून एका संध्याकाळी ते घेतले. सरासरी ११० फ्रेम्स, एक टक्का लो ४८. कार्डाचा वापर ६० ते ६५ टक्के. ज्या कार्डावर सगळा दोष येत होता, त्याची एक-तृतीयांश ताकद रिकामीच होती.

खात्री करण्यासाठी मी रिझोल्यूशन १९२०×१०८० वरून १२८०×७२० वर आणले. पिक्सेलची संख्या निम्म्याहून कमी झाली, तरी फ्रेम्स ११० च्या ११० च राहिल्या. ही चाचणी पाच मिनिटांची आहे, तिला पैसे लागत नाहीत, आणि कार्ड घेण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ती आधी करावी असे मला मनापासून वाटते. तिच्यामागचे कारण सोपे आहे. प्रत्येक फ्रेमसाठी प्रोसेसर आधी खेळाडू कुठे आहेत, गोळी कुठे लागली, दार उघडे आहे की बंद, याचा हिशेब करतो आणि काय काय काढायचे त्याच्या सूचना कार्डाकडे पाठवतो. कार्ड त्याप्रमाणे पिक्सेल रंगवते. रिझोल्यूशन कमी केल्याने रंगवण्याचे काम घटते, हिशेबाचे घटत नाही. म्हणून रिझोल्यूशन उतरवल्यावर फ्रेम्स वाढल्या तर अडचण कार्डाची, आणि जागच्या जागी राहिल्या तर बहुतेक वेळा प्रोसेसरची.

इथे विंडोजचा टास्क मॅनेजर दिशाभूल करतो, हेही मला त्याच संध्याकाळी कळले. माझ्या रायझन ५ २६०० या प्रोसेसरमध्ये ६ कोर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आणि १२ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारी कामे) होते. गेमचा मुख्य भार एकाच थ्रेडवर असेल आणि तो पूर्ण भरला असेल, तरी एकूण वापराच्या आकड्यात त्याचा वाटा जेमतेम ८ टक्के दिसतो. ‘प्रोसेसर निम्मासुद्धा वापरला जात नाही, म्हणजे दोष कार्डाचाच’ असा निष्कर्ष मी याआधी काढला होता आणि तो चुकीचा होता. प्रत्येक थ्रेडचा आकडा वेगळा पाहावा लागतो.

माझ्या बी४५० मदरबोर्डचे बायोस अद्ययावत केल्यास त्यावर एप्रिल २०२२ मध्ये आलेला रायझन ५ ५६०० चालतो. जुना प्रोसेसर काढण्यापूर्वीच बायोस बदलावे लागते, आणि ते चालू असताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएसची बॅटरी आधी तपासून घेतली. तेरा हजारांच्या आत काम झाले. त्याच गेममध्ये, त्याच जुन्या कार्डावर, सरासरी १५० पर्यंत गेली, एक टक्का लो ८० च्या वर आला आणि कार्डाचा वापर पहिल्यांदाच ९७ टक्क्यांवर पोहोचला. मी नवे कार्ड घेतले असते तर तीस-पस्तीस हजार रुपये खर्चूनही त्या रात्रीची अडखळण तशीच राहिली असती.

२०२४ च्या एप्रिलमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. दुपारी खेळताना कार्ड ८३ अंश सेल्सियसवर जात होते आणि त्याचा क्लॉक हिवाळ्यातल्या आकड्यापेक्षा दीडशे मेगाहर्ट्झने खाली उतरत होता. ही कार्डे तापमान वाढेल तसा आपला वेग थोडा थोडा कमी करतात, म्हणून घसरण एकदम लक्षात येत नाही. मी कॅबिनेटच्या जाळ्या आणि हीटसिंक ब्लोअरने साफ केले, पंखे बोटाने धरून ठेवले म्हणजे हवेच्या झोताने ते भरधाव फिरत नाहीत, आणि वॉरंटी कधीच संपली असल्याने थर्मल पेस्टही बदलली. तापमान ७४ अंशांवर आले. आपल्याकडची धूळ आणि उन्हाळा पाहता, पाच वर्षे न उघडलेल्या कार्डाविषयी कोणताही निर्णय घेण्याआधी ते एकदा उघडावे.

यानंतर मात्र वहीतल्या नोंदींचा स्वभाव बदलला. पहिला बदल मेमरीचा होता. नवे गेम ६ जीबी सहज भरू लागले. कार्डावरची मेमरी भरली की टेक्सचर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेली चित्रे, संगणकाच्या मुख्य रॅममधून पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड मदरबोर्डला जोडणाऱ्या, वाटेने आणावे लागतात, आणि तिथला वेग फारच कमी असतो: माझ्या कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला १९२ जीबी देत होती, तर तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसच्या १६ लेनमधून जेमतेम १६ जीबी येते. ताकद अपुरी असेल तर सावल्या, प्रतिबिंबे, रिझोल्यूशन यांपैकी काहीही उतरवले तरी गेम सुधारतो. मेमरी अपुरी असेल तर सावल्या कितीही उतरवल्या तरी हिसके राहतातच, आणि टेक्सचर एक पायरी खाली आणले की ते एकदम थांबतात. मार्च २०२३ मध्ये पीसीवर आलेल्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ मध्ये सुरुवातीच्या काळात ८ जीबीच्या कार्डांनाही ही अडचण आली होती. टेक्सचर ‘लो’वर नेल्यावर भिंती आणि चेहरे मातीने सारवल्यासारखे दिसतात, आणि ती तडजोड मला सर्वांत जड जाते.

दुसरा बदल अधिक निर्णायक होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेला ‘अॅलन वेक २’ मेश शेडर, म्हणजे वस्तूंचे आकार कार्डावरच घडवण्याची नवी सोय, नसलेल्या कार्डांसाठी बनवलेलाच नव्हता. १०६० सारख्या कार्डांवर तो कसाबसा चालण्याजोगा झाला तो पुढच्या वर्षीच्या अपडेटनंतर. डिसेंबर २०२४ मधला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ मधला ‘डूम: द डार्क एजेस’ यांना हार्डवेअर रे ट्रेसिंग असणे सक्तीचे आहे. आतापर्यंत प्रश्न किती सेटिंग्ज उतरवायची एवढाच असे. इथे उतरवायला काही उरलेच नव्हते. इंडियाना जोन्सचा गेम मला मनापासून खेळायचा होता. त्यात भर म्हणून एनव्हिडियाने जाहीर केले की पास्कल पिढीच्या, म्हणजे माझ्या कार्डाच्या, गेम रेडी ड्रायव्हरचा (नव्या गेमशी कार्ड जुळवून देणाऱ्या प्रोग्रॅमचा) शेवट ऑक्टोबर २०२५ मध्ये होईल आणि त्यानंतर ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या दर तिमाहीला येतील. वहीत त्या वेळी सहा गेमच्या तक्रारी होत्या, सहाही ठिकाणी कार्डाचा वापर ९७ टक्क्यांच्या वर किंवा मेमरी पूर्ण भरलेली होती, आणि प्रोसेसर निर्दोष होता. चौथ्या वेळी मला विचार करायला फार वेळ लागला नाही.

निवड करताना माझ्या जुन्या मदरबोर्डने बरेच ठरवले. मध्यम किमतीची अनेक कार्डे, उदाहरणार्थ आरटीएक्स ४०६० आणि आरटीएक्स ५०६० टीआय, फक्त ८ लेन वापरतात. नव्या मदरबोर्डवर त्याने काही बिघडत नाही, पण माझ्या बी४५० वर तिसरी पिढी असल्याने तोच रस्ता निम्मा किंवा त्याहूनही अरुंद होतो, आणि मेमरी भरल्यावर त्याचा फटका बसतो. जून २०२५ मध्ये आलेले आरएक्स ९०६० एक्सटी पूर्ण १६ लेन वापरते, त्याचा १६ जीबीचा प्रकार मिळतो आणि तो १६० वॉट घेतो, माझ्या १२० वॉटच्या कार्डापेक्षा फार नव्हे. ८ जीबीचा प्रकार स्वस्त होता. ६ जीबीने जे दोन वर्षे सोसायला लावले त्यानंतर मी तो विचारात घेतला नाही. अमेरिकेत जाहीर झालेली ३४९ डॉलर ही किंमत थेट रुपयांत बदलून हिशेब करू नये, कारण तिच्यात कर धरलेला नसतो, आणि आपल्याकडे १८ टक्के जीएसटी व आयातदाराचा वाटा धरावा लागतो. मला ते चाळीस हजारांच्या आसपास पडले.

खर्च तिथे संपला नाही. संगणकाला वीज पुरवणारा माझा ४५० वॉटचा एसएमपीएस आकड्यांनी पुरेसा होता, पण तो सात वर्षांचा होता आणि त्याची पाच वर्षांची वॉरंटी संपली होती. चाळीस हजारांचे कार्ड त्याच्या भरवशावर सोडणे मला योग्य वाटले नाही. ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॉटच देतो, हेही अनेकांच्या ध्यानात नसते, म्हणून तोही बदलला. कॅबिनेटमध्ये कार्डाची लांबी बसते का, हे मात्र मोजपट्टीने दहा सेकंदांत कळले.

आणखी थोडे थांबलो असतो तर दर उतरले असते का, असा प्रश्न मला मित्रांनी विचारला. साधारणपणे तसे होते, पण २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे दर झपाट्याने चढले, आणि ग्राफिक्स कार्डावरची मेमरी बनवणाऱ्या सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन याच कंपन्या ती रॅमही बनवतात. त्यामुळे गरज नसताना घाई करू नये हे जितके खरे, तितकेच गरज सिद्ध झाल्यावर केवळ दर उतरण्याच्या आशेवर वर्ष घालवू नये, हेही मला खरे वाटते.

सायबरपंक आता कोणतेही अपस्केलिंग न करता, टेक्सचर सर्वांत वर ठेवून, ९० च्या आसपास फ्रेम्सनी चालतो, आणि इंडियाना जोन्सचा गेम मी डिसेंबरच्या सुट्टीत पूर्ण केला. काउंटर-स्ट्राइकमध्ये फरक नगण्य आहे, कारण तिथे पुन्हा प्रोसेसरच आधी थकतो. जुने १०६० साफ करून भाच्याला दिले. त्याच्या संगणकात त्याहूनही जुने, २ जीबीचे कार्ड होते, त्यामुळे त्याला २०१५ ते २०२० मधले बरेच गेम पहिल्यांदाच नीट खेळता येत आहेत. ऑक्टोबर २०२८ ही तारीख मी त्याच्या कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागदावर लिहून चिकटवली आहे, आणि माझ्या वहीसारखीच एक वही त्यालाही दिली आहे; तिच्यात त्याने आतापर्यंत एकच नोंद केली आहे, आणि ती हार्ड डिस्क संथ असल्याची आहे.